कंदाचा आकडा कोणत्या वजनावर?

ओली हळद १ किलो. शिजवून, वाळवून तिचे साधारण २०० ग्रॅम उरतात. त्यात कुरकुमिन ४ टक्के धरले तर ते होते ८ ग्रॅम. हे ८ ग्रॅम एका माणसाने एका दिवसात गिळले, तर त्याच्या रक्तात जास्तीत जास्त किती सापडेल? तैवानमधल्या डॉक्टरांनी रुग्णांना रोज इतकी मात्रा देऊन हे मोजले आणि २००१ मध्ये निष्कर्ष छापला: रक्तद्रवात लिटरमागे सरासरी १.७७ मायक्रोमोल, तेही गोळ्या घेतल्यावर एक-दोन तासांपुरते. कुरकुमिनचा रेणुभार ३६८.३८. म्हणजे मिलिलिटरमागे ०.६५ मायक्रोग्रॅम. रोज ६ ग्रॅम घेणाऱ्यांत ०.६३ मायक्रोमोल आणि ४ ग्रॅम घेणाऱ्यांत ०.५१ मायक्रोमोल एवढेच मिळाले.

आता दुसरीकडे पाहा. कंदाच्या अर्कातली अँटिऑक्सिडंट क्षमता तपासताना परीक्षानळीत मिलिलिटरमागे १०, ५०, १००, कधी ५०० मायक्रोग्रॅम अर्क घालतात. १०० मायक्रोग्रॅमला ‘८० टक्के क्रियाशीलता’ मिळाली की निबंधाचा शेवटचा परिच्छेद तयार होतो आणि बाटलीवरचे लेबलही. १०० आणि ०.६५ यांत दीडशे पटींहून जास्त अंतर आहे. ते फारसे कुणी सांगत नाही.

जुन्नर आणि आंबेगाव या पुणे जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांच्या पश्चिम भागात औषधी कंदांची ददात नाही. घाटघर, हातवीज, दुर्गवाडी, आहुपे, कोंढवळ, भीमाशंकर हा सगळा घाटमाथा. भीमाशंकरला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या मंचर-नारायणगावच्या बागायती पट्ट्यात तो ७०० मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो. माथ्यावर पाणी भरपूर, पण चारच महिने. उरलेले आठ महिने वनस्पतीला जमिनीखाली दडून काढावे लागतात. मृगाच्या सरींबरोबर पाने वर, दिवाळीनंतर पाने पिवळी, आणि वर्षभराची कमाई कंदात. कंद ही एकाच वेळी शिदोरी आणि पुढच्या वर्षीचे बी, त्यामुळे बुरशी, किडे, उंदीर, साळिंदर अशा सगळ्यांचा तिच्यावर डोळा. म्हणून त्या पिष्टासोबत वनस्पती कडू, तिखट, उग्र वासाची, रंगीत रसायने भरून ठेवते. आपण ज्यांना औषधी घटक म्हणतो ती मुळात राखणदारी आहे; माणसाच्या आरोग्याचा विचार त्यात नाही.

या पट्ट्यात रानहळद आहे, चवर आहे, ओढ्याकाठी पांढऱ्या फुलांचा पेवा आहे, काळी मुसळी आहे, कळलावी आहे. यातल्या दोघांची शास्त्रीय नावे एकाच माणसाने एकाच वर्षी दिली. मुंबईचे उपपोस्टमास्तर जनरल जॉन ग्रॅहम यांनी मुंबई परिसरातल्या वनस्पतींची सूची केली, ती १८३९ मध्ये छापली गेली. त्याच वर्षी खंडाळ्याला ते वारले आणि राहिलेले काम त्यांच्या स्नेह्याने पुरे केले. रानहळद म्हणजे कुर्कुमा स्यूडोमोंटाना आणि चवर म्हणजे कुर्कुमा कॉलिना, ही दोन्ही नावे त्या सूचीतली. साधारण त्याच सुमारास, १८३८ पासून, डॉ. अलेक्झांडर गिब्सन दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे अधीक्षक झाले. औषधी वनस्पतींच्या लागवडीसाठी त्यांच्या हाताखाली आणखी एक बाग होती, ती जुन्नरजवळच्या हिवरे येथे. तिथली औषधे मुंबई इलाख्याच्या लष्करी दवाखान्यांसाठी जात. म्हणजे जुन्नरच्या मातीतल्या औषधाची मोजदाद पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. तेव्हा मोजत होते वजन. आता मोजतात रंग.

हा रंगाचा हिशोब नीट समजून घ्यायला हवा, कारण आजचे बहुतेक दावे त्यावरच उभे आहेत.

डीपीपीएच नावाचे एक स्थिर मुक्तमूलक आहे, रेणुभार ३९४.३. १९२२ मध्ये ते प्रथम तयार झाले आणि १९५८ मध्ये ब्लॉइस या संशोधकाने अँटिऑक्सिडंट मोजायला ते वापरून दाखवले. मेथॅनॉलमध्ये त्याचे द्रावण गडद जांभळे दिसते. त्यात एखाद्या पदार्थाने हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन दिला की जांभळा रंग उतरून फिका पिवळा होतो. ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशात, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, अर्ध्या तासाने किती जांभळेपणा उरला ते वाचायचे. निम्मा रंग घालवायला जेवढा अर्क लागतो तो आयसी-५०. आकडा जितका लहान तितका अर्क जोरदार. यंत्र स्वस्त, रसायन चिमूटभर, निकाल तासाभरात. तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयातही एम.एस्सी.चा विद्यार्थी हे करू शकतो, आणि हा या चाचणीचा खरा गुण आहे. मी तिला नावे ठेवत नाही. ती जे सांगते तेवढेच ऐकावे, इतकेच.

आता तुलनेसाठी ठेवलेल्या क जीवनसत्त्वाचा आकडा घ्या. त्यासाठी प्रयोगशाळेत जायचीही गरज नाही, कागदावर निघतो. क जीवनसत्त्वाचा एक रेणू डीपीपीएचचे दोन रेणू विझवतो. नळीत डीपीपीएच लिटरमागे १०० मायक्रोमोल असेल तर निम्मे म्हणजे ५० विझवायला जीवनसत्त्व लागेल २५ मायक्रोमोल. रेणुभार १७६ ने गुणले की मिलिलिटरमागे ४.४ मायक्रोग्रॅम. झाला आयसी-५०. पण नळीत डीपीपीएच दुप्पट, २०० मायक्रोमोल, घेतले असेल तर तोच आकडा ८.८ होईल. जीवनसत्त्व तेच, बाटली तीच, काम करणारा माणूस तोच; जांभळा रंग जास्त ओतला म्हणून औषध निम्म्या जोराचे ठरले.

एवढ्यावर थांबत नाही. समजा, १ मिलिलिटर नमुना ३ मिलिलिटर डीपीपीएचमध्ये मिसळला आणि लिहिताना नळीत मिसळल्यानंतरची मात्रा न सांगता नमुन्याच्या मूळ द्रावणातली सांगितली. मग ४.४ ऐवजी १७.६ छापले जाईल. दोन्ही लेखक प्रामाणिक, दोन्ही आकडे बरोबर, फरक चौपट. म्हणून जुन्नरच्या कंदाचा आयसी-५० इतका आणि केरळच्या कंदाचा तितका, असे दोन निबंधांतले आकडे शेजारी मांडून ‘आमचा कंद सरस’ म्हणता येत नाही. त्याच नळीत, त्याच दिवशी, त्याच बाटलीतल्या डीपीपीएचने क जीवनसत्त्वाला किती मिळाले, ते आधी पाहायचे. तिथे ४.४ आणि कंदाच्या अर्काला ४४ असेल, तर अर्थ एवढाच की तेवढ्याच कामाला वजनाने दहापट अर्क लागला. हा गुणोत्तराचा आकडा प्रवास सहन करतो. नुसता आयसी-५० करत नाही.

‘एकूण फिनॉल’ हा दुसरा आवडता आकडा. तो फोलिन-सिओकाल्टू अभिकर्मकाने काढतात. हा अभिकर्मक १९२७ मधला, आणि वनस्पतींच्या अर्कासाठी प्रचलित असलेली रीत सिंगल्टन आणि रॉसी यांची, १९६५ मधली. पिवळे द्रावण निळे होते, ७६५ नॅनोमीटरला वाचतात आणि उत्तर ‘गॅलिक आम्ल समतुल्य’ मिलिग्रॅममध्ये देतात. गंमत अशी की निळा रंग फक्त फिनॉलमुळे येत नाही. क जीवनसत्त्व, काही शर्करा, प्रथिनांतले टायरोसिन हेही त्यात आपली भर घालतात. कंदासारख्या पिष्टाने आणि शर्करेने भरलेल्या भागात हे विसरून चालत नाही.

पण या आकड्यातला मोठा घोळ रसायनाचा नसून भागाकाराचा आहे. मिलिग्रॅम कशामागे? एक काल्पनिक कंद घेऊ. त्याच्या सुक्या अर्कात ग्रॅममागे १०० मिलिग्रॅम फिनॉल सापडले. अर्क वाळलेल्या भुकटीच्या १० टक्के निघाला होता, म्हणजे भुकटीत ग्रॅममागे १०. भुकटी ओल्या कंदाच्या २० टक्के होती, म्हणजे ओल्या कंदात ग्रॅममागे २. शंभर, दहा आणि दोन: कंद एकच. बातमीत शंभर जातो. बाजारात दहाचा माल विकला जातो. आणि जंगलात जी व्यक्ती कुदळ घेऊन खणते ती दोनचा माल खणत असते.

हळदीचे शेतकरी हा भागाकार शास्त्रज्ञांहून नीट करतात. सांगलीकडे किंवा हिंगोली-वसमतकडे कुणाला ‘किती हळद झाली’ म्हणून विचारा, तो आधी ओली की वाळलेली ते विचारेल, मग उतारा, म्हणजे ओल्यातून वाळलेली किती उरली ते, सांगेल. जेठा गड्डा, बगल गड्डे, हळकुंडे आणि सोरा गड्डे यांची त्याच्या लेखी वेगवेगळी किंमत असते, कारण एकाच बेटातल्या या भागांचा उतारा आणि रंग सारखा नसतो. कालिकतच्या मसाला संशोधन संस्थेने प्रभा आणि प्रतिभा हे वाण दिले तेव्हा त्यांचे कुरकुमिन अनुक्रमे ६.५ आणि ६.२ टक्के, वाळलेल्या वजनावर, असे स्पष्ट नोंदवले. सर्वसाधारण हळदीत हा आकडा २ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. त्या अर्थाने ‘हळदीत अमुक टक्के’ हे विधानच अपुरे आहे. कोणती, कुठली, कधी काढलेली, कोणता गड्डा, हे चार शब्द त्यापुढे हवेत. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये आणि वर्ध्याच्या वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे हेच वेगळेपण आहे. जुन्नरच्या रानहळदीला लागवडीच्या हळदीचा आकडा चिकटवणे मग किती चुकीचे, हे सांगायला नको. कूळ एक असले तरी जात निराळी.

वाळलेल्या हळदीच्या भुकटीचा ढोबळ ताळेबंद असा: सुमारे ६९ टक्के कर्बोदके, १३ टक्के ओलावा, ६ टक्के प्रथिने, ५ टक्के मेद, साडेतीन टक्के खनिजे. मेदाच्या आकड्यात उडनशील तेलाचाही वाटा असतो. ज्या रंगासाठी एवढा आटापिटा, तो उरलेल्या किरकोळीत. त्या रंगातही एक नाही, तीन रेणू आहेत. बाजारातल्या ‘शुद्ध कुरकुमिन’मध्ये साधारण ७७ टक्के कुरकुमिन, १७ टक्के डिमिथॉक्सिकुरकुमिन आणि ३ टक्के बिसडिमिथॉक्सिकुरकुमिन असते. रेणूवरच्या फिनॉलशेजारचा मिथॉक्सी गट एकेक करून कमी होत जातो, तसतशी जांभळा रंग घालवण्याची ताकदही कमी होत जाते. रचना आणि गुण यांचा इतका सरळ संबंध रसायनशास्त्रात नेहमी भेटत नाही, म्हणून विद्यार्थ्यांना शिकवायला हे त्रिकूट छान आहे.

आता द्रावक. प्रयोगशाळेत कंदाची भुकटी बहुधा मेथॅनॉलमध्ये भिजवतात, कारण त्यात फिनॉल भरपूर उतरतात. मेथॅनॉल विष आहे. तो अर्क कुणी पीत नाही. कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते, तेलात काही प्रमाणात उतरते. म्हणून एकाच कंदाचा मेथॅनॉल अर्क पहिल्या वर्गात आणि पाण्याचा काढा काठावर पास, असे निकाल सर्रास लागतात. गावातला वैदू काढा देतो, पाण्याचा. त्याच्या औषधाची परीक्षा मेथॅनॉलमध्ये घेतली तर ती परीक्षा दुसऱ्याच औषधाची झाली.

आणि सहाणेवरची मात्रा? बाळगुटीत वेखंड असते, हळकुंड असते, सुंठ असते. हे तिन्ही कंदच. जोडीला हिरडा, बेहडा, मुरडशेंग, जायफळ. प्रत्येक काष्ठौषध सहाणेवर उगाळायचे, आणि कशाचे किती वेढे हे बाळाच्या महिन्यांवर ठरायचे. वेढे हेही एकक आहे. वजनाने ते मिलिग्रॅमांत जाते, काही वेळा त्याहून कमी. उगाळायला उकळून गार केलेले पाणी किंवा आईचे दूध घेतात. दुधात साधारण ४ टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे पाण्यात न उतरणारे काही त्यात उतरू शकते. एवढे म्हणून झाले की दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भारतीय वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन या घटकाचा वाटा निम्म्याहून बराच अधिक असतो. उंदरांवरच्या प्रयोगांत वेखंडाच्या तेलाने गाठी झाल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध, असे आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि वेढ्यांचा हिशोब कितीही जुना असला तरी या बाबतीत मी त्यांच्या बाजूचा आहे.

बीटा-असारोनचा उल्लेख आणखी एका कारणासाठी केला. या रेणूवर मोकळा फिनॉल गट नाही. त्यामुळे डीपीपीएचच्या चाचणीत तो जवळजवळ दिसतच नाही. पेव्याच्या कंदातले डायोसजेनिन पाहा. १९७० मध्ये भारतीय संशोधकांनी पेवा हा डायोसजेनिनचा नवा स्रोत म्हणून जाहीर केला, प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास. त्या काळी हा आकडा सोन्याचा होता. रसेल मार्करने १९४० च्या दशकात मेक्सिकोतल्या रानकंदातल्या डायोसजेनिनपासून प्रोजेस्टेरॉन बनवले, त्यातून १९४४ मध्ये सिंटेक्स ही कंपनी उभी राहिली, आणि १९५१ मध्ये त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत गर्भनिरोधक गोळीचा एक मूळ रेणू, नॉरएथिस्टेरॉन, तयार झाला. जगाचे कुटुंबनियोजन ज्या कंदांवर काही वर्षे चालले त्यांच्या मुख्य रेणूतही फिनॉल नाही. अँटिऑक्सिडंटच्या परीक्षेत डायोसजेनिन नापास.

तिसरे उदाहरण कळलावीचे. गौरी-गणपतीच्या दिवसांत तिची लाल-पिवळी फुले बांधावर पेटलेली दिसतात. तिच्या कंदात कोल्चिसिन असते. गाऊटवर ते आजही मिलिग्रॅमच्या अंशात देतात, आणि थोड्याच मिलिग्रॅमांनी माणूस दगावल्याच्या नोंदी आहेत. कोल्चिसिनवरही मोकळा फिनॉल नाही. म्हणजे एक संशयास्पद रेणू, एक औषध-उद्योगाचा रेणू आणि एक प्राणघातक रेणू, तिन्ही कंदांतले, आणि जांभळ्या नळीला तिघांचा पत्ता नाही. कळलावीच्या कंदात इतर फिनॉल असतातच, त्यामुळे तिच्या अर्काला बऱ्यापैकी अँटिऑक्सिडंट आकडा मिळेलही. तो वाचून कुणी कंद उकळून प्यायला तर? ‘अँटिऑक्सिडंट आहे, म्हणजे निर्धोक आहे’ हा समज म्हणूनच मला सगळ्यांत घातक वाटतो.

नळीतून शरीराकडे जाताना काय होते याची मोठी, महागडी उत्तरे १९९० च्या दशकात मिळाली. बीटा-कॅरोटीन हे नळीतले उत्तम अँटिऑक्सिडंट. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर चाचणी झाली. रोज २० मिलिग्रॅम, पाच ते आठ वर्षे. १९९४ मध्ये निकाल लागला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेत १८,३१४ जणांवर अ जीवनसत्त्वासह दुसरी चाचणी चालू होती. तिथे वाढ २८ टक्के दिसली आणि १९९६ मध्ये ती ठरल्यापेक्षा २१ महिने आधी थांबवली. याचा अर्थ अँटिऑक्सिडंट वाईट, असा नाही. गाजर खाऊन कुणाला कर्करोग झालेला नाही. शरीर ही जांभळी नळी नाही, तिथे मुक्तमूलके पेशींची काही कामेही करतात, हा त्याचा अर्थ. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा एक मोठा तक्ता संकेतस्थळावर ठेवला होता. कंपन्या त्यातले आकडे जाहिरातीत वापरू लागल्या आणि त्या आकड्यांचा आरोग्याशी संबंध सिद्ध नाही म्हणून खात्याने २०१२ मध्ये तो काढून टाकला.

कुरकुमिनबद्दल २०१७ मध्ये अमेरिकी औषधी रसायनतज्ज्ञांनी एक खरमरीत आढावा लिहिला: १२० हून अधिक मानवी चाचण्या होऊनही दुहेरी अंध, तुलनात्मक पद्धतीची एकही यशस्वी नाही. त्यावर वाद झाला, गुडघेदुखीवरच्या काही लहान चाचण्या पुढे करण्यात आल्या. पण या रसायनतज्ज्ञांचा एक मुद्दा कुणाला खोडता आला नाही: हा रेणू अनेक चाचण्यांत खोटी होकारार्थी उत्तरे देतो, स्वतःच्या रंगामुळे, चमकण्यामुळे आणि प्रथिनांना चिकटण्यामुळे.

रक्तात कुरकुमिन वाढवायची युक्ती आहे. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले की २ ग्रॅम कुरकुमिनसोबत मिरीतले २० मिलिग्रॅम पायपरिन दिले तर माणसात शोषण २,००० टक्क्यांनी वाढते. हा आकडा आज प्रत्येक डबीवर असतो. डबीवर नसतो तो पुढचा भाग. पायपरिन हे काम यकृतातली रसायनांची विल्हेवाट लावण्याची क्रिया मंदावून करते, आणि ती मंदावली की इतर औषधेही रक्तात जास्त वेळ राहू शकतात. अमेरिकेतल्या यकृत-इजेच्या नोंदणीत २०११ पासूनचे हळदीच्या गोळ्यांशी जोडलेले १० रुग्ण २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, एक दगावला. तपासलेल्या सात उत्पादनांपैकी तिनांत पायपरिन होते. दहा हा आकडा लहान आहे, घाबरण्याचे कारण नाही. भाजीतल्या हळदीशी त्याचा संबंधही नाही: चमचाभर, म्हणजे ३ ग्रॅम हळदीत ४ टक्क्यांनी कुरकुमिन १२० मिलिग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या समितीने ठरवलेली दिवसाची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम. स्वयंपाकघर त्या मर्यादेत सहज बसते. ८ ग्रॅम तिच्या ४४ पट आहेत.

मग जुन्नर-आंबेगावच्या कंदांवर काम करायचेच नाही का? करावे, आणि इथेच करावे. कारण या पट्ट्यात एकाच जातीचा कंद ३,००० मिलिमीटरच्या माथ्यावरून आणि १,००० मिलिमीटरच्या उतारावरून उचलून तुलना करता येते, अंतर दिवसाच्या फेरीचे. पाऊस, माती, सावली बदलली की फिनॉल किती बदलतात, जुलैत पाने जोरात असताना किती आणि जानेवारीत कंद निद्रिस्त असताना किती, हे प्रश्न याच भूगोलात सुटू शकतात. त्यासाठी परदेशी यंत्र नको. काढल्याचा महिना, उंची, ओले वजन, वाळलेले वजन, अर्काचा उतारा, नळीतली डीपीपीएचची अंतिम मात्रा, त्याच दिवसाचे क जीवनसत्त्व आणि वनस्पतीचा वाळवून जपलेला नमुना, एवढ्या नोंदी वहीत हव्यात. यातली ओल्या वजनाची नोंद बहुतेक निबंधांत नसते. मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि कारण रसायनाचे नाही.

कारण असे. या भागातले महादेव कोळी आणि ठाकर जंगलातून जे गोळा करतात त्यात हिरडा मोठा. हिरडा फळ आहे. बाळहिरडा वेचला, वाळवला, विकला, झाड पुढच्या वर्षी तिथेच. टॅनिनने तो इतका भरलेला असतो की अँटिऑक्सिडंटच्या कुठल्याही परीक्षेत कंदांना मागे टाकतो. कंद काढला की मात्र वनस्पतीच निघते. एखाद्या रानकंदाला नाव झाले आणि मागणी आली की हिशोब उलटा सुरू होतो. अर्क हवा १० किलो. भुकटीच्या १० टक्के उतरतो, म्हणून भुकटी १०० किलो. भुकटी ओल्याच्या २० टक्के, म्हणून ओले कंद ५०० किलो. एका रोपाखाली ५० ग्रॅम कंद धरला, तर रोपे १०,०००. अर्काचे दहा किलो एका गोणीच्या तळाशी मावतील.

भीमाशंकर अभयारण्य १३०.७८ चौरस किलोमीटरचे, १९८५ मध्ये जाहीर झालेले. तिथे खणणे कायद्यानेच बंद आहे. खणले जाईल ते अभयारण्याबाहेरच्या गावांच्या वनात. वनहक्क कायदा २००६ ने गौण वनोपजाच्या व्याख्येत औषधी वनस्पती, मुळे आणि कंद धरले आहेत, म्हणजे ते गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क गावाचा. त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाने वन आणि जैवविविधता राखण्याची जबाबदारी आणि अधिकारही ग्रामसभेचे. ग्रामसभेपुढे जो व्यापारी येईल त्याच्या पावतीवर वाळलेल्या मालाचे वजन असेल. ग्रामसभेने त्या वजनाला पाचाने गुणावे, मग रोपाखालच्या सरासरी कंदाने भागावे. ती सरासरी गावातल्या कुणालाही पंधरा-वीस रोपे उपटून, तराजूवर टाकून काढता येते, आणि उपटलेल्या प्रत्येक कंदाचा डोळा असलेला तुकडा त्याच खड्ड्यात परत पुरता येतो.